उद्या या

ऑगस्ट २०२४ मधला एक बुधवार. दुपारचे अडीच वाजले असतील. बँकेच्या शाखेत पाय ठेवायला जागा नव्हती. लाडकी बहीण योजनेचे पैसे राखीपौर्णिमेच्या आधी जमा होणार म्हणून खात्याला आधार जोडायला, केवायसी करायला गावोगावच्या बाया सकाळी सातपासून दारात बसलेल्या. त्यातच पीककर्जवाले. माझं टेबल पीककर्जाचं, पण त्या पंधरवड्यात टेबल कुणाचं हे बघायला कुणाला सवड नव्हती.

समोर एक माणूस येऊन उभा राहिला. मी मान वर केली नाही. स्क्रीनवर फिरणारं चक्र बघत म्हणाले, "सर्व्हर नाही. उद्या या."

"बरं," तो म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी तो खरंच आला. बावीस किलोमीटरवरून, आधी काळीपिवळी आणि मग पायी. हातात पेढ्यांचा पुडा. त्याची मुलगी पोलीस भरतीत लागली होती. तिच्या अकॅडमीची फी भरायची होती त्या वर्षी मी त्याचं कर्ज वेळेत नवं-जुनं करून दिलं होतं, म्हणून पहिला पेढा मॅडमला. "काल तुमी कामात व्हतात, म्हून म्हणलं उद्याच यावं."

मी पेढा घेतला, तोंडात टाकला, "अभिनंदन मामा" म्हणाले. आणि मला काहीच वाटलं नाही. लाज वाटली असती तरी चाललं असतं. आनंद तर वाटायलाच हवा होता. या नोकरीत मी अशा दिवसासाठीच आले होते. पण आत सगळं सपाट. पेढा गोड आहे एवढंच कळलं.

हे लिहायला मला दीड वर्ष लागलं. आता लिहितेय, कारण आमच्याकडे बँकेत, शाळेत, दवाखान्यात, पंचायत समितीत काम करणाऱ्या कितीतरी बायाबापड्यांच्या तोंडी "कंटाळा आलाय हो" हे एकच वाक्य असतं, आणि त्या एका वाक्याखाली काय काय झाकलं जातं ते मी पाहिलंय.

मी परभणीच्या कृषी विद्यापीठातून बीएस्सी केलं. बँकेत कृषी अधिकारी म्हणून लागले त्याला बारा वर्षं झाली. बँकेचं नाव लिहीत नाही, शाखेचं गावही नाही. परभणीहून सकाळची पॅसेंजर पकडते, पेडगाव जातं, मानवत रोड जातं, आणि पुढे कुठेतरी उतरते, एवढं पुरे. शाखेतले बरेच सहकारी दुसऱ्या राज्यांतले. माणसं चांगली आहेत, घरापासून हजार-दीड हजार किलोमीटरवर येऊन राहिलेली. पण म्हाताऱ्या शेतकऱ्याची बोली त्यांना कळत नाही, त्यांची हिंदी त्याला कळत नाही. त्यामुळे कुठल्याही काउंटरवर काही अडलं की बोट माझ्याकडे: "वो मॅडम से पूछो."

बाहेरच्यांना वाटतं बँकेतलं काम म्हणजे आकडे. माझं काम आकड्यांचं कमी आणि नकाराचं जास्त. पीककर्जाचं नवं-जुनं म्हणजे काय हे शेतकऱ्याच्या घरात सगळ्यांना ठाऊक असतं. मुद्दल आणि व्याज एकदा पूर्ण भरायचं आणि लगेच नवीन कर्ज उचलायचं. वेळेत भरलं तर तीन लाखांपर्यंतच्या कर्जाला सात टक्क्यांतली तीन टक्के सवलत मिळते, चारच टक्के पडतं. न भरता दोन हंगाम उलटले की खातं एनपीए, म्हणजे बुडीत धरलेलं. पण भरायला रोख कुठून आणायची? मेव्हण्याकडून, आडत्याकडून, नाहीतर सावकाराकडून दोन-चार दिवसांसाठी. तो माणूस ती उसनी रक्कम बंडीत घालून सकाळी येतो, आणि त्या दिवशी सर्व्हर गेलेला असतो, किंवा सातबाऱ्यावर भावाचं नाव कमी झालेलं नसतं, किंवा सही करणारा अधिकारी रजेवर असतो. त्याच्या उसन्या पैशावर दर दिवसाचं व्याज चढतंय हे मला माहीत. आणि मी म्हणणार, "उद्या या."

सर्व्हर माझ्या हातात नाही. होल्ड माझ्या हातात नाही. एखाद्याच्या खात्यात विम्याचे पैसे आले आणि त्याला ते काढता येत नाहीत, कारण जुन्या थकबाकीपायी खात्याला होल्ड लागलेला. तो होल्ड मी लावलेला नाही, मला काढताही येत नाही. पण तो माणूस बघतो माझ्याकडे. सोयाबीनचा हमीभाव २०२४ च्या हंगामात क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यात चार हजारांच्या आसपास माल जात होता. त्या फरकातून थकबाकी कशी फिटणार हे गणित मला त्याच्याइतकंच येतं. तरी संध्याकाळी सहानंतर मीच फोन लावून म्हणायचं, "दादा, हप्ता थकलाय, कधी भरताय?"

पुढे कामातल्या या थकण्यावर वाचताना एका ठिकाणी मी थबकले. आर्ली हॉकशील्ड नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये दोन नोकऱ्यांचा अभ्यास मांडला होता. एक विमानातल्या सेविकांची, ज्यांना मनात काहीही असलं तरी हसतमुख राहायचं असतं. दुसरी वसुलीवाल्यांची, ज्यांना मनात दया आली तरी आवाज कडक ठेवायचा असतो. कामासाठी चेहरा आणि भावना घडवत राहणं हेही श्रमच आहेत, पगार देऊन विकत घेतलेले श्रम, असं त्यांचं म्हणणं. मी ते वाचून पुस्तक मांडीवर पालथं ठेवलं. या दोन्ही नोकऱ्या मी एकाच खुर्चीत बसून करत होते. सकाळी दहाला "या मामा, बसा", आणि संध्याकाळी त्याच मामाला वसुलीचा फोन.

आमच्या भाषेत थकण्याचे किती प्रकार आहेत हे मला आजारी पडल्यावर लक्षात आलं. शीण येतो, तो झोपेनं जातो. दिवसभर कापूस वेचून आलेली माझी आजी म्हणायची, "अंग शिणलं गं", आणि सकाळी चारला पुन्हा उभी. कंटाळा येतो, तो बदलानं जातो. वीट येतो तो एखाद्या गोष्टीचा. ती गोष्ट दूर केली की माणूस बरा. पण उबग म्हणून एक असतो. जीव उबगतो. तो झोपेनं जात नाही आणि गावाला जाऊनही जात नाही. उबगलेला माणूस हसतो, जेवतो, कामाला जातो, आणि त्याला कशाचंच काही नसतं.

मला याची खूण शेतीच्या शिक्षणातच शिकवलेली होती. एप्रिलच्या दुपारी पिकाची पानं माना टाकतात. संध्याकाळी ऊन उतरलं की पुन्हा ताठ होतात. ते चिंतेचं नाही. पण जमिनीतली ओल एका मर्यादेच्या खाली गेली की रात्र उलटली, दव पडलं, तरी सकाळी पान वर उठत नाही. पाणी दिल्याशिवाय ते उठणारच नाही, कितीही सावली करा. परीक्षेत यावर पाच मार्कांचा प्रश्न असायचा. रविवार ही माझी रात्र होती. दुसरा-चौथा शनिवार जोडून आला की दोन रात्री. २०२४ च्या पावसाळ्यात मी सोमवारी सकाळी उठायचे ती माना टाकलेलीच.

रविवारी चार वाजले की पोटात गोळा यायला लागे. दात आवळून झोपायची सवय लागली, सकाळी जबडा दुखायचा. घरी आले की बोलायला आवाज उरायचा नाही. म्हणजे घसा बसलेला नसे, शब्द काढायची इच्छा संपलेली असे. माझा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा. तो शाळेतलं काही सांगायला लागला की मी "हं, हं" करायचे. एकदा तो सांगता सांगता थांबला आणि म्हणाला, "आई, उद्या सांगू का?"

त्या रात्री मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बराच वेळ उभी होते.

आता जे सांगणार आहे ते सर्वांत अवघड आहे. ऑक्टोबरात एक बाई आली. तिशीची असेल, सोबत दीर. नवऱ्याचं पासबुक आणि मृत्यूचा दाखला. नवरा कसा गेला ते दिराने हळू आवाजात सांगितलं. आमच्या भागात ते फार लांबवून सांगावं लागत नाही. मी दाखल्याची झेरॉक्स घेतली, वारसाचा अर्ज काढला, कुठे सही, कुठे अंगठा ते दाखवलं, "वारस प्रमाणपत्र लागेल, ते आणा" म्हणाले आणि पुढचं टोकन बोलावलं. सगळं मिळून सहा-सात मिनिटं. काम बिनचूक केलं. रात्री गाडीत बसल्यावर तिचा चेहरा आठवून बघितला. आठवेना. तिनं कुठल्या रंगाची साडी नेसली होती, तिच्या कडेवर लेकरू होतं की नव्हतं, काहीच नाही. पासबुकाचा खाते क्रमांक मात्र शेवटच्या चार आकड्यांसकट डोळ्यांपुढे.

नोकरीच्या पहिल्या वर्षी असंच एक घर आलं होतं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. तेव्हाचे मॅनेजर म्हणाले होते, "सवय होईल." मला वाटायचं सवय होणं म्हणजे मजबूत होणं. त्या रात्री मानवत रोडच्या अलीकडे गाडी सिग्नलला उभी असताना मला पहिल्यांदा भीती वाटली, की ही मजबुती नाही.

आधी मी फॅमिली डॉक्टरांकडे गेले. त्यांनी हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ तपासायला लावलं. ते योग्यच केलं; थकवा म्हटलं की मनाकडे धावायच्या आधी रक्त बघावं. बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं घेतली, पायातल्या मुंग्या गेल्या. सपाटपणा गेला नाही. मग त्यांनीच मानसोपचारतज्ज्ञांचं नाव सुचवलं. नवरा म्हणाला, "जाऊ आपण", त्यानंच नंबर लावला. सासूबाईंना आम्ही आठवडाभर सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला वाटलंच, तुझे डोळे कसे दिसायलेत कवाधरनं."

त्या डॉक्टरबाईंनी मला पाऊण तास बोलू दिलं. माझं बोलणं पाऊण तास कुणी ऐकण्याची ती बऱ्याच वर्षांतली पहिली वेळ. मग त्यांनी एक प्रश्न विचारला तो मी अजून विसरले नाही: "काम सोडून बाकी कशात जीव रमतो का? मुलाच्या वाढदिवसाला, माहेरी गेल्यावर?" मी विचार केला. दिवाळीत माहेरी, जिंतूर तालुक्यात, चार दिवसांनंतर पाचव्या दिवशी भावाच्या शेतात हरभऱ्याची उगवण बघताना मला बरं वाटलं होतं. खरंच बरं वाटलं होतं. त्यांनी ते लिहून घेतलं. म्हणाल्या, नैराश्यात बहुतेकदा सगळीकडचाच रंग उडतो. कामाच्या जळण्यात, म्हणजे बर्नआउटमध्ये, तो आधी कामावरचा उडतो. पण दोन्हींमधली भिंत पातळ असते, एकातून दुसऱ्यात माणूस कधी जातो ते कळत नाही, म्हणून झोप, भूक आणि जगावंसं न वाटणं यांवर नजर ठेवायची.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात बर्नआउटची नोंद आहे, पण आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणचा, दीर्घकाळ न हाताळल्या गेलेल्या ताणातून होणारा प्रकार, अशी ती नोंद आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाईट वाटलं. आजार नाही म्हणजे माझं नाटक की काय? नंतर उलगडलं की त्या नोंदीनं बोट माझ्याकडून उचलून कामाच्या जागेकडे केलंय. माझ्यासाठी ही फार मोठी गोष्ट होती. तोवर मी रोज रात्री स्वतःच्याच चुका मोजत होते: मीच नाजूक, मीच मनाला लावून घेते, बाकीचे कसे करतात.

आणि हा शब्द ज्यांच्यामुळे रुळला ते कोण होते? न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर नावाचे मानसतज्ज्ञ काम करायचे. तिथे मनापासून राबणारे कार्यकर्ते काही महिन्यांत कसे विझत जातात ते त्यांनी पाहिलं, स्वतःवरही अनुभवलं, आणि १९७४ मध्ये त्यावर लिहिलं. म्हणजे ज्यांना लोकांसाठी काही करायचं होतं तीच ही माणसं, कामचुकार नव्हेत. पुढे ख्रिस्तिना मॅस्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये हे मोजायची प्रश्नावली तयार केली. तिच्यात तीन धागे आहेत. भावना आटून जाणं हा पहिला. समोरच्या माणसाचा माणूस न राहता केस होणं हा दुसरा. आणि आपल्या कामाला काही अर्थ नाही, आपल्याच्यानं काही होत नाही, असं वाटणं हा तिसरा. पेढ्यांचा पुडा पहिल्या धाग्यातला होता. ती बाई दुसऱ्यातली. तिसरा मी रोज डब्याबरोबर शाखेत घेऊन जात होते.

त्या हिवाळ्यात आमच्या ऑफिसनं ताणमुक्तीवर एक सत्र ठेवलं, व्हीसीवर, संध्याकाळी साडेसहाला. दीर्घ श्वास, सकारात्मक विचार. प्राणायाम मी करते, त्यानं मला झोप लागते, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण त्या दिवशी माझी शेवटची गाडी चुकली, आणि सत्र संपल्यावर लगेच त्याच स्क्रीनवर वसुलीचा आढावा सुरू झाला. मला राग आला. आणि राग आला याचा मला आनंद झाला, कारण कित्येक महिन्यांनी काहीतरी आलं होतं.

त्या रागातूनच मी मॅनेजरना एक पानभर पत्र लिहिलं. तक्रार केली नाही. आठ दिवस मी एका वहीत रेघा मारल्या होत्या: दिवसाला कितीदा "उद्या या" म्हणते. सोमवारी एकेचाळीस. सर्वांत कमी शुक्रवारी, एकोणीस. प्रत्येक रेघेपुढे कारण. निम्म्याहून जास्त वेळा कारण एकच होतं: काय कागद लागतो हे त्या माणसाला आधी कुणी सांगितलेलंच नव्हतं. ती वही मी त्यांच्यासमोर ठेवली. तेही थकलेलेच आहेत, तीन वर्षांत कुटुंब सोबत नाही. त्यांनी वही बराच वेळ चाळली आणि म्हणाले, "बताइए, क्या करें?"

जानेवारीपासून आम्ही गावांना वार वाटून दिले. दारावर मराठीत मोठ्या अक्षरांत फलक लावला: नवं-जुनं करायला काय काय लागतं, वारसनोंदीला काय लागतं. मावश्यांना वाचता येत नाही म्हणून शिपाई दादा सकाळी दहा मिनिटं मोठ्यानं वाचून दाखवतात. त्यांना ते काम फार आवडलंय. आणि मी एक मागणी रेटून धरली, की ज्या दिवशी मी कर्जवाटपाला बसेन त्या दिवशी वसुलीचे फोन माझ्याकडे नकोत. ते दोन चेहरे एका दिवसात नकोत. ती मान्य झाली, आठवड्यातून तीन दिवसांपुरती.

सगळं जमलं असं नाही. रात्री आठनंतर फोन बंद ठेवायचा नेम अकरा दिवस टिकला. टार्गेट तेवढंच आहे. बदलीचा अर्ज पडून आहे. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाडाभर शिवारं पाण्याखाली गेली, तेव्हा महिनाभर वारबिर काही राहिलं नाही. चिखलाचे पाय घेऊन आलेल्या माणसाला "तुमचा वार गुरुवार" कोण सांगणार? त्या महिन्यात मी पुन्हा दात आवळून झोपू लागले. फरक एवढाच की या वेळी मला ते पहिल्या आठवड्यात कळलं, आणि मी डॉक्टरबाईंना फोन केला.

तुमच्यापैकी कुणाला जर कामापलीकडेही सगळंच सपाट वाटत असेल, जगण्यावरून मन उडत असेल, तर रजेची वाट बघू नका. १४४१६ हा सरकारच्या टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या फोनसेवेचा, नंबर आहे, फुकट, रात्रंदिवस चालू, मराठीत बोलता येतं. मी तो आमच्या फलकावर सर्वांत खाली लिहून घेतलाय. पहिल्या दिवशी एकानं विचारलं, "ह्ये कशाचं कर्ज?" मी त्याला बाजूला बसवून सांगितलं कशाचं ते.

परवाच्या गुरुवारी पेढेवाले मामा आले. त्यांच्या गावाचा वार. कागदं पिशवीत नीट लावलेली, फलकावरच्या क्रमानं. मी मान वर करून विचारलं, "मामा, पोरगी काय म्हणती?" ट्रेनिंग संपलं होतं. ती रोज रात्री फोन करते, आईला विचारते आज काय भाजी केली, आणि बापाला विचारते गोळी घेतली का. "आमालाच पोलिसावानी इचारती," मामा म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही.

मी अर्ज भरायला घेतला. निम्म्यात आले तर स्क्रीनवर चक्र फिरायला लागलं. मामांनी ते ओळखलं. पिशवी आवरत उठायला लागले.

"बसा मामा," मी म्हणाले. "चहा सांगते."